डॉक्टर कोण ठेवायचा हे खाण कामगार ठरवायचे, त्याच गावातल्या पोरानं अख्ख्या ब्रिटनला मोफत उपचार दिले

देव आनंद आणि मुमताजचा तेरे मेरे सपने हा पिक्चर बऱ्याच जणांनी बघितला असेल. १९७१ साली आलेला, विजय आनंदने दिग्दर्शित केलेला. एक तरुण डॉक्टर कोळसा खाणीच्या गावात येतो, कामगारांवर उपचार करतो आणि पुढे पैशाच्या मागे लागून वाट चुकतो, अशी त्याची स्टोरी.

पण ही स्टोरी मुळात भारतातली नाहीच.

ए. जे. क्रोनिन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १९३७ साली द सिटाडेल नावाची कादंबरी लिहिली होती, तिच्यावर हा पिक्चर बेतलाय. आणि क्रोनिनने ती मनानं रचलेली नव्हती. १९२१ ते १९२४ या काळात तो दक्षिण वेल्समधल्या ट्रेडिगर नावाच्या गावात डॉक्टर म्हणून नोकरीला होता.

आता इथं खरी गंमत सुरू होते. क्रोनिनला पगार सरकार देत नव्हतं. खाणीचा मालकही देत नव्हता. त्याला नोकरीवर ठेवलं होतं गावातल्या कामगारांच्या कमिटीनं.

क्रोनिन ज्या वर्षी त्या गावात आला, त्याच वर्षी गावातला एक तरुण लंडनहून शिकून परतला होता. बेकार होता, बोलताना अडखळत होता आणि खाणमालकांच्या काळ्या यादीत होता. पुढे हाच गडी ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला आणि त्यानं देशातल्या प्रत्येक माणसाला मोफत उपचार मिळतील अशी व्यवस्था उभी केली.

त्याचं नाव अनायरिन बेव्हन. घरचे आणि दोस्त त्याला नाय म्हणायचे. आपल्याकडं नाय म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. गडी होताही तसाच. मालकाला नाय, डॉक्टरांच्या संघटनेला नाय आणि वेळ आली तेव्हा स्वतःच्या सरकारलाही नाय.

पण या माणसाच्या गोष्टीत एक मोठा पेच आहे. गावातल्या ज्या लोकांच्या कमिटीनं त्याला घडवलं, तीच कमिटी त्याच्या कायद्यामुळं इतिहासजमा झाली. ते कसं, हे समजून घ्यायचं तर पहिल्यापासून बघावं लागेल.

तेराव्या वर्षी खाणीत

बेव्हनचा जन्म १५ नोव्हेंबर १८९७ चा. वडील डेव्हिड कोळसा खाणीत कामाला, आई फीबी शिवणकाम करायची. घरात दहा पोरं जन्मली, त्यातली काही लहानपणीच गेली. त्या काळात खाणीच्या गावात हे नवीन नव्हतं.

शाळेत त्याचं मन रमलं नाही. त्यात बोलताना अडखळायचा, त्यामुळं वर्गात हसू व्हायचं. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा खाणीत उतरला.

दिवसा कोळसा आणि संध्याकाळी पुस्तकं. गावात कामगारांनी वर्गणी काढून चालवलेली लायब्ररी होती. बेव्हननं तिथली पुस्तकं अक्षरशः खाल्ली. ज्या शब्दावर जीभ अडते त्याला पर्यायी शब्द शोधायचा, तो पाठ करायचा आणि डोंगरावर जाऊन मोठ्यानं बोलायचा सराव करायचा, असा त्याचा उद्योग. पुढे ब्रिटनच्या संसदेत चर्चिलसारख्या माणसाला तोडीस तोड बोलणारा म्हणून जो ओळखला गेला, त्याचं भाषण असं तयार झालं.

कामगार संघटनेत तो लवकरच पुढं आला. १९१९ साली संघटनेनं खर्च करून त्याला लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात पाठवलं. दोन वर्षांनी परत आला तर खाणमालक त्याला दारात उभं करेनात. संघटनेत भाषणं ठोकणारा माणूस कोण ठेवणार? पुढची काही वर्षं बहुतेक बेकारीतच गेली.

पगारातून कापलेले तीन पेन्स

आता जरा ट्रेडिगरची ती कमिटी काय होती ते बघू. कारण सगळी गोष्ट तिच्याभोवतीच फिरते.

दक्षिण वेल्सच्या खाणगावांत एक जुनी पद्धत होती. कामगाराच्या पगारातून दर आठवड्याला डॉक्टरसाठी थोडे पैसे कापले जायचे. पैसे कामगाराचे, पण डॉक्टर कोण हे ठरवणार कंपनी. साहजिकच डॉक्टर कंपनीचं ऐकणार. माणूस खाणीत जखमी झाला तर तो किती जखमी झाला, कामावर कधी येऊ शकतो, हे कंपनीच्या सोयीनं ठरण्याची भीती.

कामगारांनी विचार केला की पैसे आपले आहेत तर डॉक्टरही आपण निवडू. गावोगावी ही मागणी पुढं आली. ट्रेडिगरमध्ये १८९० साली कामगारांनी स्वतःची संस्था काढली. तीच पुढे ट्रेडिगर मेडिकल एड सोसायटी म्हणून प्रसिद्ध झाली.

हिशोब सोपा होता. पगारातल्या प्रत्येक पौंडामागे तीन पेन्स वर्गणी. तेव्हा एका पौंडाचे २४० पेन्स व्हायचे. म्हणजे आपल्या भाषेत शंभर रुपयांना सव्वा रुपया. ज्याचा पगार जास्त त्याची वर्गणी जास्त, ज्याचा कमी त्याची कमी. उपचार मात्र सगळ्यांना सारखे.

त्यातून गावाला फॅमिली डॉक्टर मिळाले, सर्जन मिळाला, दाताचा डॉक्टर, औषधं देणारे फार्मासिस्ट आणि नर्स मिळाल्या. चष्मा आणि कवळीसुद्धा परवडेल अशा दरात मिळू लागली. १९०४ साली गावात छोटं हॉस्पिटल उभं राहिलं, तेही कामगारांच्या वर्गणीच्या जोरावर. ऐन भरात असताना जवळपास २४ हजार वस्तीच्या या गावात २० हजारांहून जास्त लोक सोसायटीच्या छत्राखाली होते.

आता तुम्ही म्हणाल, सरकारी विमा नव्हता का? होता. १९११ साली ब्रिटन सरकारनं कामगारांसाठी विमा आणला होता. पण त्यात डॉक्टर मिळायचा तो फक्त कमावणाऱ्या माणसाला. बायको आजारी पडली, पोराला ताप आला तर खिशातून पैसे काढा. ट्रेडिगरच्या सोसायटीत मात्र अख्खं घर धरलं जायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कारभार. सोसायटीची कमिटी सभासदांनी निवडून दिलेली असायची. खाणीत आणि लोखंडाच्या कारखान्यात राबणारी माणसं त्यात बसायची. डॉक्टरला कामावर घ्यायचं का, त्याचा पगार किती, औषधांवर खर्च किती, कुणाची तक्रार आली तर तिचं काय करायचं, हे सगळं तीच माणसं ठरवायची. डॉक्टर नीट वागला नाही तर कमिटीसमोर उभं राहावं लागायचं.

डॉक्टरांच्या संघटनेला, म्हणजे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनला, ही पद्धत अजिबात पसंत नव्हती. शिकल्यासवरल्या डॉक्टरनं कोळसा फोडणाऱ्यांच्या हाताखाली काम करायचं म्हणजे काय, हा त्यांचा सवाल. पुढे बेव्हनची आणि या संघटनेची जी जुंपली तिचं मूळ इथं आहे.

कमिटी म्हणजे देवमाणसांची मंडळी होती असंही नाही. क्रोनिनच्या कादंबरीतली कमिटी वाचा. त्यातला तरुण डॉक्टर धडधाकट माणसाला आजारपणाचा खोटा दाखला द्यायला नकार देतो, तर लोक त्याच्यावर नाराज होतात. मोठा डॉक्टर हाताखालच्यांच्या पगारातून आपला हिस्सा काढतो. कमिटी नको तिथं नाक खुपसते. कादंबरी ही कादंबरी असते, पण गावकीचं राजकारण ज्यानं बघितलंय त्याला यात खोटं काही वाटणार नाही.

तरीही एक गोष्ट पक्की होती. चुकलं तर कुणाला विचारायचं हे गावाला माहीत होतं. तो माणूस दुसऱ्या दिवशी खाणीत शेजारीच काम करत असायचा.

वर्कहाउसमधला पोर आणि त्याचा चेला

या सोसायटीचा सेक्रेटरी होता वॉल्टर कॉनवे. हा माणूस अनाथ होता. निराधारांना ठेवायच्या वर्कहाउसमध्ये त्याचं बालपण गेलं. पुढे खाणीत लागला, वाचनानं शहाणा झाला आणि १९१५ च्या सुमाराला सोसायटीचा कारभार त्याच्या हातात आला.

बेव्हन त्याला गुरू मानायचा. अडखळत बोलणाऱ्या पोराला कॉनवेनं सांगितलं की काय बोलायचंय ते आधी डोक्यात स्पष्ट कर, जीभ मागोमाग येईल. गावातल्या मोजक्या पोरांनी मिळून एक चर्चामंडळ काढलं होतं, त्यात कॉनवे आणि बेव्हन दोघं होते. कंपनीची सत्ता कुठं कुठं आहे आणि ती एकेक करून लोकांच्या हातात कशी आणायची, हा त्यांचा विषय.

त्या काळी ट्रेडिगरमध्ये कंपनी म्हणजे सर्वस्व. घरं कंपनीची, रोजगार कंपनीचा, नगरपालिकेतही कंपनीची माणसं. या पोरांनी ठरवलं की आपण प्रत्येक कमिटीत घुसायचं.

१९२२ साली बेव्हन गावच्या नगर परिषदेवर निवडून आला. मग हॉस्पिटलच्या कमिटीवर गेला आणि काही काळ तिचा अध्यक्षही झाला. वर्गणी किती जमली, खाटा किती कमी पडतात, कुठल्या पेशंटला मोठ्या शहरात पाठवायचं, नर्सचा पगार कसा भागवायचा, असल्या रुक्ष गोष्टी त्याला तिथं शिकाव्या लागल्या. पुढे देशाचं आरोग्य खातं सांभाळताना त्याच्याकडं जी शिदोरी होती ती या बैठकांमधली.

पण त्याच बैठकांमध्ये त्याला या व्यवस्थेची कमजोरीही दिसली.

बापाच्या छातीतला कोळसा

१९२५ च्या फेब्रुवारीत बेव्हनचे वडील गेले. मुलाच्या हातात त्यांनी प्राण सोडला. आयुष्यभर खाणीतली धूळ छातीत साठली होती. हा आजार कामामुळं होतो हे खाणीत सगळ्यांना माहीत होतं, पण कायदा तसं मानत नव्हता. त्यामुळं नुकसानभरपाई म्हणून घरच्यांना एक पैसाही मिळाला नाही.

लोकांची कमिटी चांगली असली तरी तिचा हात गावापुरताच पोचतो. देशाचा कायदा बदलणं तिच्या आवाक्यात नव्हतं.

लगेच पुढच्या वर्षी दुसरा दणका बसला. १९२६ साली ब्रिटनमध्ये खाण कामगारांचा मोठा लढा झाला. खाणी महिनोन् महिने बंद. मग मंदी आली आणि दक्षिण वेल्समध्ये बेकारीनं कहर केला.

आता हिशोब करून बघा. सोसायटीचा पैसा पगारातून कापला जायचा. पगारच बंद झाला तर वर्गणी कुठून येणार? आणि बेकारीत उपासमार वाढते, आजारही वाढतात. म्हणजे गावाला दवाखान्याची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच दवाखान्याची तिजोरी रिकामी होते.

शिवाय ट्रेडिगरला सोसायटी तरी होती. ज्या गावात अशी कमिटीच नव्हती तिथल्या माणसानं काय करायचं? आणि लंडनच्या श्रीमंत भागातल्या माणसाला जसा मोठा स्पेशालिस्ट मिळतो तसा खाणीच्या गावातल्या बाईला का मिळू नये?

हे प्रश्न घेऊन बेव्हन १९२९ साली एब्बू व्हेल मतदारसंघातून खासदार झाला. मरेपर्यंत, म्हणजे सलग ३१ वर्षं, लोकांनी त्याला त्याच मतदारसंघातून निवडून दिलं. १९३४ साली जेनी ली या खासदार राहिलेल्या, तितक्याच तडफदार बाईशी त्यानं लग्न केलं. दोघंही भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूनं उभे राहिलेले. नेहरू आणि कृष्ण मेनन यांच्याशी त्यांची चांगली दोस्ती होती.

मंत्री झाल्यावरचा पहिला पेच

दुसरं महायुद्ध संपलं. १९४५ च्या जुलैमध्ये निवडणुकीचा निकाल लागला आणि चर्चिलचा पक्ष हरला. मजूर पक्षाचे क्लेमेंट अ‍ॅटली पंतप्रधान झाले. त्यांनी आरोग्य खातं दिलं ४७ वर्षांच्या बेव्हनला. मंत्रिमंडळातला सगळ्यात तरुण माणूस.

तेव्हा ब्रिटनमध्ये हॉस्पिटलचे मुख्य दोन प्रकार होते. एक धर्मादाय, म्हणजे देणग्या आणि वर्गण्यांवर चालणारी. दुसरी नगरपालिका आणि कौन्सिलच्या ताब्यातली. श्रीमंत कौन्सिलचं हॉस्पिटल झकपक, गरीब कौन्सिलचं गळकं. धर्मादाय हॉस्पिटलं कायम झोळी पसरून बसलेली.

बेव्हननं ठरवलं की सगळी हॉस्पिटलं सरकारनं ताब्यात घ्यायची. खर्च मुख्यतः देशाच्या करातून करायचा.

मंत्रिमंडळातच वाद पेटला. हर्बर्ट मॉरिसन नावाचे वजनदार नेते विरोधात उभे राहिले. त्यांनी लंडनच्या कौन्सिलचा कारभार अनेक वर्षं चालवला होता, त्यात हॉस्पिटलं मोठ्या संख्येनं होती. त्यांचं म्हणणं असं की स्थानिक कौन्सिलकडून दवाखाना काढून घेतला तर लोकांनी निवडून दिलेल्या माणसांकडं उरतं काय? आपल्या गावच्या दवाखान्याबद्दल विचारायला माणसानं थेट लंडनच्या मंत्रालयात जायचं का?

बघायला गेलं तर हे म्हणणं ट्रेडिगरच्या बेव्हनच्या तोंडी शोभलं असतं.

पण बेव्हननं उलटी बाजू घेतली. त्याचा हिशोब असा होता. दवाखाना स्थानिक पैशावर चालला तर गरीब गावाला गरीबच दवाखाना मिळणार. समान उपचार हवे असतील तर पैसा देशाचा हवा. आणि पैसा देशाच्या तिजोरीतून जाणार असेल तर जबाबदारीही देशाच्या मंत्र्याची हवी. त्यात डॉक्टर लोक कौन्सिलच्या हाताखाली काम करायला मुळीच तयार नव्हते, आणि डॉक्टरांशिवाय दवाखाना चालत नाही.

अ‍ॅटलींनी बेव्हनच्या बाजूनं कौल दिला. ६ नोव्हेंबर १९४६ ला कायद्यावर शिक्कामोर्तब झालं. इंग्लंड आणि वेल्समधली अडीच हजारांहून जास्त हॉस्पिटलं सरकारकडं आली. त्यांच्यावर देखरेखीसाठी १४ प्रादेशिक बोर्डं आणि त्यांच्या खाली स्थानिक व्यवस्थापन समित्या नेमायचं ठरलं.

इथं नेमायचं हा शब्द महत्त्वाचा आहे. ट्रेडिगरची कमिटी लोक निवडून द्यायचे. नव्या बोर्डाची माणसं मंत्री नेमणार आणि खालच्या समित्या ती बोर्डं नेमणार.

डॉक्टर म्हणाले नाय

कायदा झाला, पण डॉक्टर राजी नव्हते. आपण सरकारी नोकर होणार या भीतीनं त्यांच्या संघटनेनं रान उठवलं. १९४८ च्या फेब्रुवारीत संघटनेनं मतदान घेतलं तर मत देणाऱ्या दहापैकी नऊ डॉक्टरांनी योजनेच्या विरोधात मत दिलं. योजना सुरू व्हायला पाच महिने उरले होते.

खाण कामगारांच्या संघटनेत वाढलेल्या माणसाला वाटाघाटी कशा करतात ते शिकवायला लागत नाही. बेव्हननं डॉक्टरांमध्येच दोन गट आहेत हे ओळखलं. मोठ्या हॉस्पिटलचे स्पेशालिस्ट एकीकडं आणि गल्लीतले फॅमिली डॉक्टर दुसरीकडं.

स्पेशालिस्टना त्यानं सूट दिली. सरकारी हॉस्पिटलात काम करून खासगी पेशंट बघायला मुभा, सरकारी हॉस्पिटलातच काही खाटा खासगी पेशंटसाठी राखीव. मोठे डॉक्टर विरघळले. मग फॅमिली डॉक्टरांना त्यानं शब्द दिला की तुम्हाला पगारी नोकर करणार नाही, तसं कायद्यातच लिहून देतो. तुमच्याकडं किती लोकांनी नाव नोंदवलंय त्यावर पैसे मिळतील, दवाखाना तुमचाच राहील. मे महिन्यात पुन्हा मतदान झालं तेव्हा विरोध चांगलाच ओसरला होता आणि संघटनेनं हार मानली.

५ जुलै १९४८. त्या दिवशी नॅशनल हेल्थ सर्व्हिस सुरू झाली. बेव्हननं मँचेस्टरजवळच्या एका हॉस्पिटलात जाऊन तिचं उद्‌घाटन केलं. त्या दिवसापासून ब्रिटनमधला कुणीही माणूस, श्रीमंत असो नाहीतर गरीब, कमावता असो नाहीतर बेकार, खिशात हात न घालता डॉक्टरकडं जाऊ शकत होता.

लोकांची किती दुखणी अंगावर काढून ठेवलेली होती ते तेव्हा कळलं. चष्म्यासाठी, कवळीसाठी रांगा लागल्या. वर्षानुवर्षं आजार लपवलेल्या बायका पहिल्यांदा डॉक्टरकडं आल्या, कारण आजवर घरातला पैसा आधी नवऱ्याच्या आणि मग पोरांच्या दुखण्यावर जायचा. खर्च सरकारच्या अंदाजाबाहेर गेला.

तीन वर्षांनी, १९५१ साली, त्याच्याच सरकारनं चष्मा आणि कवळीसाठी अर्धे पैसे घ्यायचं ठरवलं. कोरियातल्या युद्धामुळं शस्त्रांवर खर्च वाढला होता. रक्कम देशाच्या मानानं किरकोळ होती. बेव्हन तोवर आरोग्य सोडून कामगार मंत्री झाला होता. पण ज्या चष्म्याची आणि कवळीची सोय ट्रेडिगरच्या कामगारांनी स्वतः केली होती, त्यावर सरकारनं पैसे लावावेत हे त्याला पटलं नाही. त्यानं राजीनामा दिला. पक्षात फूट पडली आणि पुढची अनेक वर्षं मजूर पक्षाला सत्ता मिळाली नाही. यासाठी त्याला दोष देणारे लोक त्याच्या पक्षात तेव्हाही होते.

गावाच्या हातातून काय गेलं

१९४८ च्या त्या जुलैमध्ये ट्रेडिगरच्या सोसायटीचं मुख्य काम संपलं. डॉक्टर आता तिचे नोकर नव्हते. हॉस्पिटल सरकारकडं गेलं. ५८ वर्षं गावानं चालवलेली व्यवस्था देशभर पसरली, पण ती चालवायचा गावाचा अधिकार मात्र पसरला नाही. ट्रेडिगरच्या माणसाला आता पगारकपात नव्हती, बेकारीची भीती नव्हती, मोठ्या शहरातला स्पेशालिस्टही त्याचाच होता. फक्त डॉक्टर नीट बघत नाही अशी तक्रार असेल तर शेजारच्या कमिटी मेंबरला गाठता येत नव्हतं.

बेव्हनला हे कळत नव्हतं असं नाही. १९५२ साली त्यानं पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं कबूल केलं की नेमलेल्या माणसांपेक्षा निवडून दिलेली माणसं चांगली, आणि एवढ्या मोठ्या देशात योग्य माणसं नेमणं कुठल्याही मंत्र्याला नीट जमणार नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांची नव्यानं, मोठ्या आकारात बांधणी झाली तर हॉस्पिटलं त्यांच्याकडं देता येतील, असा त्याचा विचार होता.

ते त्याच्या हयातीत झालं नाही. ६ जुलै १९६० रोजी, आरोग्य सेवेच्या बाराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, पोटाच्या कॅन्सरनं तो गेला. वय होतं ६२.

राहिलेली जागा ब्रिटनला पुढं जाणवत राहिली. १९७४ साली सरकारनं प्रत्येक भागात लोकांची आरोग्य परिषद काढली. त्यात कौन्सिलची आणि स्वयंसेवी संस्थांची माणसं असायची. त्यांना हॉस्पिटलात जाऊन पाहणी करता यायची, दवाखाना बंद करायचा असेल तर त्यांना विचारावं लागायचं. पण डॉक्टर ठेवायचा, काढायचा, बजेट ठरवायचं, असले ट्रेडिगरच्या कमिटीचे अधिकार त्यांना नव्हते. इंग्लंडनं २००३ साली या परिषदा मोडीत काढल्या. वेल्सनं २०२३ पर्यंत टिकवल्या आणि मग त्यांच्या जागी एक नवीन संस्था आणली.

आज ट्रेडिगरच्या भागातली सरकारी आरोग्य सेवा जे बोर्ड चालवतं, त्याला बेव्हनचंच नाव दिलेलं आहे. त्या बोर्डाचे सदस्यही निवडून येत नाहीत, नेमलेच जातात.

आपल्याकडं याचं काय?

बेव्हन कायद्याची जुळवाजुळव करत होता त्याच काळात भारतातही आरोग्य सेवेचा आराखडा तयार होत होता. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीनं १९४६ साली अहवाल दिला. सरकारी दवाखान्यांचं जाळं कसं असावं हे तिनं सांगितलंच, पण प्रत्येक गावात पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी असंही सुचवलं. दवाखाना सरकारचा आणि त्यात हात गावाचा, अशी ती जोडी होती. यातला दवाखान्याचा भाग हळूहळू उभा राहिला, समितीचा भाग मात्र बराच काळ कागदावर राहिला.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा तो भाग परत वर आला. गावासाठी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आणि सरकारी दवाखान्यासाठी रुग्ण कल्याण समिती. गावाच्या समितीला गरजेप्रमाणे खर्च करायला सुरुवातीला वर्षाला १० हजार रुपयांचा निधी ठरला. महाराष्ट्रात २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकांनीच सरकारी आरोग्य सेवेवर देखरेख ठेवायचा प्रयोग सुरू झाला. गावानं दवाखान्याला प्रगतिपुस्तक द्यायचं आणि जनसुनवाईत डॉक्टर आणि अधिकाऱ्यांसमोर उभं राहून विचारायचं की औषध का नाही, डॉक्टर हजर का नव्हता, पैसे कशाचे घेतले.

ट्रेडिगरमध्ये पैसा गावाचा होता म्हणून गावाचा शब्द चालायचा, पण मंदी आली की तो पैसा आटायचा. बेव्हननं देशाचा पैसा आणला तेव्हा गावाचा शब्द गेला. आपल्या व्यवस्थेत निदान कागदावर तरी दोन्ही आहेत. दवाखाना सरकारच्या पैशानं चालतो आणि त्यावर बोलायला गावाची समिती आहे.

आता तुमच्या गावात त्या समितीवर कोण कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली आणि निधी कशावर खर्च झाला, हे पुढच्या ग्रामसभेत विचारून बघा. उत्तर द्यायला समितीचा मेंबर तिथंच बसलेला असेल.